घराजवळचे पक्षी पाहावेत की दुर्मीळ पक्ष्यांमागे जावं?

प्रश्न थोडक्यात असा: कोथरूडमध्ये तिसऱ्या मजल्यावर घर आहे, मागे टेकडी दिसते. वर्षभर बाल्कनीतून तेच बुलबुल, साळुंक्या, शिंजीर आणि पारवे दिसतात. पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर सारखं कुठल्यातरी दुर्मीळ पक्ष्याचं लोकेशन येतं आणि लोक पहाटे चारला गाडी काढतात. पाहिलेल्या पक्ष्यांची यादी 35 जातींवर अडली आहे. आपणही असंच फिरायला हवं, की घरून पाहणं पुरेसं आहे?

आधी त्या 35 च्या आकड्याकडे पाहू, कारण खरी अडचण तिथे आहे. टेकडीलगतच्या बाल्कनीतून वर्षभर नीट पाहिलं तर 50-60 जाती सहज होतात आणि त्यासाठी पेट्रोल लागत नाही. यादी अडते ती बहुतेक तीन कारणांनी. कान वापरलेले नसतात, आकाशाकडे पाहिलेलं नसतं, आणि हिवाळी पाहुणे समोरच्या झाडात असूनही लक्षात आलेले नसतात.

हिवाळी पाहुण्यांचंच घ्या. सप्टेंबरपासून पुण्यातल्या आंबा, रेन ट्री, उंबर अशा झाडांच्या शेंड्यात हिरवट पर्णवटवट्या येतो. वजन जेमतेम 7-8 ग्रॅम, रंग पानासारखा, भुवई फिकट पिवळसर. दिसण्याआधी तो ऐकू येतो: ‘ची-वीट’ अशी दोन टप्प्यांची तीक्ष्ण हाक, दिवसभर, थोड्या थोड्या वेळाने. हा पक्षी हिवाळ्यातही आपली हद्द राखतो. त्यामुळे ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तुमच्या खिडकीसमोरच्या झाडातून येणारी हाक बहुधा एकाच पक्ष्याची असते. खाली झुडपांत, कढीपत्त्यात किंवा कुंपणाच्या मेंदीत ‘चक्… चक्…’ असा दगडावर दगड आपटल्यासारखा आवाज येत असेल तर तो ब्लिथचा बोरू वटवट्या. हे दोघे पुण्यात अजिबात दुर्मीळ नाहीत, तरी कित्येक जणांच्या यादीत ते वर्षानुवर्षं नसतात. त्यांच्याच सोबतीला थिरथिरा (गच्चीच्या कठड्यावर बसून शेपूट थरथरवणारा), लाल कंठाचा माशीमार, करडा धोबी, हळद्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा, पळस, काटेसावर फुलल्यावर येणारे भोरड्यांचे थवे. एवढ्यानेच सहा-सात जाती वाढल्या.

आकाशाचं तसंच. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास बाल्कनीत बसून नुसतं वर पाहा. घारी, शिक्रा, घरपाकोळ्या, भिंगऱ्या, रातथाऱ्याकडे निघालेले गायबगळे, पाणकावळे, काळे शराटी. रात्री पिंगळा, गव्हाणी घुबड आणि उडता उडता ओरडणारी टिटवी. बसलेला पक्षीच मोजायचा असा काही नियम नाही.

आता मूळ प्रश्न. माझं मत स्पष्ट आहे: पक्षीनिरीक्षणाला जेवढा वेळ देता त्यातला तीन-चतुर्थांश घराजवळच्या एकाच जागेला द्यावा आणि उरलेला बाहेर. बाहेर जायचं तेही एखादा अधिवास पाहायला. एकाच पक्ष्याच्या मागे धावण्याची वेळ वर्षातून एखाद-दुसऱ्यांदा आली तर हरकत नाही, पण तो छंदाचा पाया होऊ देऊ नये. यामागे भावनेपेक्षा नजरेचा प्रश्न जास्त आहे.

दुर्मीळ पक्षी ओळखण्याची कुवत नेहमीच्या पक्ष्यांवरच तयार होते. आपल्याच राज्यातलं उदाहरण रानपिंगळ्याचं, म्हणजे एका छोट्या घुबडाचं. त्याचं वर्णन 1873 मध्ये झालं, 1884 नंतर खात्रीचा नमुना कुणाला मिळाला नाही आणि शतकभर तो नामशेष समजला गेला. मध्ये 1914 सालचा गुजरातमधला एक नमुना होता, पण तो चोरून खोटी चिठ्ठी लावलेला निघाला. त्या खोट्या नोंदीमुळे आधीचे शोध भलत्याच ठिकाणी झाले होते. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासून ती नोंद बाद केली, जुन्या खऱ्या नोंदींच्या मागावर त्या आणि त्यांचे सहकारी निघाले आणि नोव्हेंबर 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ त्यांना तो सापडला. रानपिंगळा आणि पुण्यातल्या कुठल्याही जुन्या वडावर बसणारा साधा पिंगळा यांच्यात फरक किती? रानपिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर ठिपके जवळपास नसतात, पोटाचा मधला भाग पांढराशुभ्र, पाय दणकट, आणि तो दिवसाही वावरतो. साध्या पिंगळ्याचं डोकं पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. ज्याने साध्या पिंगळ्याचं डोकं कधी नीट पाहिलंच नाही, त्याच्यासमोर रानपिंगळा येऊन बसला तरी तो ‘पिंगळा’ एवढंच लिहून पुढे जाईल.

याची उलट बाजू रोज दिसते. ‘बाल्कनीत दुर्मीळ पक्षी आला’ म्हणून येणारे फोटो पाहिले तर त्यातले बहुतेक ठरावीक असतात. कोकिळेची मादी, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके-पट्टे. काळा नर सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे ही कुणाच्या लक्षातच येत नाही. शिपाई बुलबुलाचं पिल्लू, ज्याच्या गालावर लाल ठिपका अजून आलेला नसतो आणि शेपटीखाली लालऐवजी फिकट नारिंगी असतं. मानेवर ठिपके नसलेला होल्याचा तरुण पक्षी. छातीवर आडव्या रेषांऐवजी उभे तपकिरी ओघळ असलेला शिक्र्याचा तरुण. डोक्याची पिसं झडून पिवळी कातडी उघडी पडलेली साळुंकी. रंगद्रव्याच्या कमतरतेमुळे पांढुरका झालेला कावळा. पिंजऱ्यातून सुटलेला लव्हबर्ड. आणि सगळ्यांत जास्त वेळा, पिसं बदलत असलेला जांभळ्या शिंजिराचा नर.

या शिंजिरावर थोडं थांबू, कारण एकच पक्षी वर्षभर पाहिल्याने काय मिळतं ते इथे छान कळतं. फेब्रुवारी ते मे हा त्याचा मुख्य विणीचा काळ. तेव्हा नर उन्हात निळा-जांभळा चमकतो आणि सावलीत कोळशासारखा काळा दिसतो. विणीनंतर तो हा पोशाख उतरवतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याचं पोट मादीसारखं पिवळं होतं, फक्त हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टा राहतो. जानेवारीच्या आसपास तो पट्टा दोन्ही बाजूंनी पसरू लागतो आणि अंगावर काळे-निळे ठिगळ दिसू लागतात. दर आठवड्याला एक फोटो किंवा साधं पेन्सिलचं रेखाटन केलंत तर हा सगळा बदल तुमच्या वहीत उतरतो. घरटं बांधण्याचं काम मादी एकटी करते: कोळ्याची जाळी, सुकं गवत, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठासुद्धा, दारावर छोटी पडवी आणि खाली लोंबणारी कचऱ्याची शेपटी. ती शेपटी पाहून लोक वाळलेला पालापाचोळा समजतात आणि झाडू फिरवतात. फेब्रुवारीनंतर बाल्कनीतल्या वेलीवर किंवा कपड्यांच्या दोरीवर असं काही लोंबताना दिसलं तर आधी पाच मिनिटं लांबून पाहा.

शिंप्याचं घरटंही असंच नजरेतून सुटतं. पानाच्या कडेला चोचीने भोक पाडून तो त्यातून कापूस किंवा कोळ्याचा धागा ओढतो. धागा बाहेरच्या बाजूला फुलतो आणि तिथेच अडकून राहतो, गाठ मारावी लागत नाही. पान जिवंत असल्यामुळे घरटं हिरवंच राहतं. कुंडीतल्या मोठ्या पानांच्या झाडाची छाटणी मार्च ते ऑगस्ट या काळात करायची असेल तर आधी पानांच्या मागची बाजू तपासा.

तांबटाचा ‘टुक-टुक-टुक’ सगळ्यांनी ऐकलेला असतो. पाहिलेला फार थोड्यांनी. मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके देताना त्याची चोच बंद असते आणि गळ्यावरची उघडी कातडी प्रत्येक ठोक्याला फुगते. ओरडताना तो डोकं इकडे-तिकडे वळवतो, त्यामुळे आवाज जागा बदलतोय असं वाटतं. शोधायचा असेल तर आवाजाच्या दिशेने न पळता झाडाचा सगळ्यांत वरचा, निष्पर्ण शेंडा दुर्बिणीने हळूहळू पाहा, विशेषतः सकाळी पहिल्या उन्हात.

हे सगळं दिसण्यासाठी एक शिस्त लागते आणि ती सोपी आहे. जागा एक, वेळ एक, कालावधी 15 मिनिटं. सूर्योदयानंतरचा पहिला तास उत्तम. पुण्यात जूनमध्ये तो साधारण 6 ला सुरू होतो, जानेवारीत 7 नंतर. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी पुरे, पण ते वर्षभर चालायला हवं. दिसलेली आणि ऐकलेली प्रत्येक जात लिहायची, कावळा-पारव्यासकट. संख्या लिहिताना एका वेळी जास्तीत जास्त किती दिसले तो आकडा घ्यायचा. शिंजीर सहा वेळा आला म्हणून सहा लिहिले की नोंद बिघडते. तो एकच असू शकतो. आकड्याशेजारी एक-दोन शब्द: गातोय, काडी नेतोय, चोचीत अळी, पिल्लू सोबत, कुठलं झाड. हा शेवटचा रकाना लोक सोडून देतात आणि वर्षभराने तोच सगळ्यांत उपयोगी ठरतो. दयाळ गायला कधी लागला, कोकीळ पहिल्यांदा कधी ओरडला, पावशाचं ‘पेरते व्हा’ आणि पावसाआधी येणारा चातक कुठल्या आठवड्यात, हे सगळं त्यातून कळतं.

नोंदी ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर) टाकल्यात तर ‘दिसलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या आहेत का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणता येईल अशीच यादी टाका. कारण पुढे येतं.

मर्लिन ॲप आवाज ओळखायला मदत करतं, पण त्याच्या सांगण्यावरून थेट नोंद करू नका. कोतवाल शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, दयाळ इतरांचे आवाज आपल्या गाण्यात घालतो, आणि शेजारच्या घरातल्या पिंजऱ्यातला पक्षीही ॲपला रानातलाच वाटतो. ॲपने नाव सुचवलं की तो पक्षी शोधून डोळ्यांनी पाहायचा, मगच लिहायचा.

दुर्बीण 8×42 किंवा 8×32 घ्या (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये). 10×50 हातात थरथरते आणि तिचं दृश्यक्षेत्र लहान असतं, त्यामुळे फांदीतून फांदीत उडणारा वटवट्या सापडेपर्यंत निघून जातो. बाल्कनीसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे, जी दुकानात कुणी विचारत नाही: किती जवळचं स्पष्ट दिसतं. 2 ते 2.5 मीटरवरचं दिसायला हवं. नाहीतर कठड्यावरचा शिंजीर धूसर आणि समोरच्या इमारतीवरची घार स्पष्ट, असा प्रकार होतो. कॅमेरा असेल तर पहिलं अर्धं मिनिट तो खाली ठेवा आणि डोळ्यांनी पाहा. फोटोत पिसं येतात, वागणं येत नाही.

बाल्कनीत पक्षी यावेत म्हणून काय करावं याबद्दल चुकीच्या सवयी फार आहेत. पाणी ठेवा, हे सगळ्यांत परिणामकारक. मातीचं पसरट, आतून खरखरीत भांडं, खोली 4-5 सेंटीमीटर, कडेला पाणी 2 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको, मध्ये एक दगड. खोल कुंड्यात लहान पक्षी उतरत नाहीत आणि उतरलेलं पिल्लू बुडतं. स्टीलचं किंवा प्लॅस्टिकचं भांडं एप्रिलच्या उन्हात तापतं. पाणी रोज बदला: डासाची अळी ते डास हा प्रवास पुण्याच्या हवेत आठ-दहा दिवसांत होतो, रोज पाणी बदललं की डेंग्यूची भीती राहत नाही. दोन-तीन दिवसांनी साबण न लावता काथ्याने घासा, कारण त्या बुळबुळीतच रोगजंतू वाढतात.

दाणे टाकण्याबाबत मी पुण्यात सरळ नको म्हणतो. बाजरी, तांदूळ, कणी काहीही टाका, आठवडाभरात पारव्यांचा कब्जा होतो. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्याने फुप्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो, आणि जिथे पारवे जमतात तिथून लहान पक्षी हटतात. शेव, फरसाण, बिस्किटं तर कुठल्याच पक्ष्याला नकोत. दाण्यांऐवजी झाडं लावा. जास्वंद आणि हमेलिया शिंजिरांसाठी, कढीपत्ता आणि तुती बुलबुल-कोकिळांसाठी. सोसायटीच्या आवारात जागा असेल तर शेवगा आणि उंबर. उंबरावर तांबट, राखी धनेश आणि आपला राज्यपक्षी हरियाल येतात. आंब्यावर बांडगूळ दिसलं की माळी ते लगेच तोडतो. झाड फार पोखरलं असेल तर तोडावंच लागतं, पण थोडं असेल तर राहू द्या: फुलटोच्या त्याचीच फळं खातो, चिकट बी फांदीवर पुसतो आणि तिथेच ते रुजतं. शहरात फुलटोच्या टिकतो तो बराचसा बांडगुळावर.

चिमण्यांसाठी खोकं लावायचं असेल तर भोक 32 मिलिमीटरचं ठेवा. त्याहून मोठं केलंत की साळुंकी घुसते. उंची जमिनीपासून अडीच-तीन मीटर, तोंड दुपारच्या उन्हाकडे नको, खाली बसायची दांडी नको. ती चिमणीला लागत नाही, कावळ्याला मात्र उपयोगी पडते. पेठांमधल्या वाड्यांच्या तुळया आणि कोनाडे गेले तशा चिमण्यांच्या जागा गेल्या, हे खरं आहे. पण खोकं लावून भागत नाही. चिमणीच्या पिल्लांना पहिल्या दिवसांत किडे लागतात. ज्या सोसायटीत दर पंधरा दिवसांनी कीटकनाशकाचा फवारा होतो तिथे खोकी रिकामी राहतात.

बुलबुल किंवा दयाळ खिडकीच्या काचेवर चोची मारतोय अशी तक्रार मार्च ते जूनमध्ये हमखास असते. तो प्रतिबिंबाला दुसरा नर समजतो. आतून पडदा लावून उपयोग नाही, उलट प्रतिबिंब आणखी गडद होतं. काचेच्या बाहेरच्या बाजूने वर्तमानपत्र चिकटवा किंवा साबण फासा, दोन-तीन आठवड्यांत तो थांबतो. आणि जमिनीवर पिसं फुटलेलं बुलबुलाचं पिल्लू सापडलं तर उचलून घरी आणू नका. बुलबुलाची पिल्लं अकरा-बारा दिवसांत, नीट उडता येण्याआधीच घरट्याबाहेर पडतात. मांजर जवळ असेल तर त्याला जवळच्या झुडपात उंचावर ठेवा आणि लांब व्हा. माणसाचा हात लागला की आई-बाप सोडून देतात, हा गैरसमज आहे.

सगळ्या जाती नोंदवा असं मघाशी म्हटलं, त्याचं कारण गिधाडांच्या इतिहासात आहे. 1980 च्या दशकापर्यंत गिधाडं इतकी होती की ती मोजावीत असं जवळजवळ कुणाला वाटलं नाही. 1990 च्या दशकात ती कोसळली. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडाची घट 99 टक्क्यांहून जास्त झाली. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्याचं कारण असल्याचं 2004 मध्ये सिद्ध झालं आणि 2006 मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. ही घसरण मोजता आली ती राजस्थानातल्या केवलादेवसारख्या मोजक्या ठिकाणी नियमित गणना ठेवली होती म्हणून. नोंदींच्या बाबतीत आज परिस्थिती बरी आहे. भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा 2023 चा अहवाल 942 जातींविषयी बोलतो, आणि तो 30 हजारांहून जास्त सामान्य पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभा आहे. दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो नीलकंठ घटतोय आणि कोकीळ वाढतोय, हे त्यातूनच कळलं. हे गणित शंभर याद्यांपैकी किती याद्यांत ती जात आहे यावर चालतं. म्हणून केवळ दुर्मीळ पक्षी लिहिलेली यादी या कामी येत नाही. तुमच्या बाल्कनीतली ‘साळुंकी 4, कावळा 7, चिमणी 0’ अशी साधी नोंद येते. त्यातला शून्यसुद्धा मोलाचा, पण तो शून्य खरा ठरायला यादी पूर्ण असावी लागते.

आता दुर्मीळ पक्ष्यांमागे जाण्याबद्दल. ओढ नैसर्गिक आहे आणि भरकटून आलेल्या पक्ष्याची नोंद शास्त्रालाही हवी असते. अडचण होते ती गर्दीची आणि घाईची. लोकेशन ग्रुपवर गेलं की दुसऱ्या दिवशी पहाटे वीस गाड्या. पक्षी उडाला की त्याच्यामागे चालणं, मोबाइलवर त्याची हाक वाजवणं, फांदी ‘साफ’ करण्यासाठी घरट्याभोवतीची पानं तोडणं, पाणवठ्यावर किडे टाकून त्याला एकाच जागी आणणं. हाक ऐकून नर पक्षी खाणं आणि घरटं सोडून भांडायला येतो. त्या पाच मिनिटांत घरट्यावर कावळा येऊ शकतो. पानांचा आडोसा गेला की दुपारचं ऊन थेट पिल्लांवर पडतं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं शिकारीच्या व्याख्येत येतं, हे फोटो काढणाऱ्या पुष्कळांना माहीत नसतं.

म्हणून जाण्याआधी तीन गोष्टी तपासा. पक्षी विणीचा आहे का? असेल तर जाऊ नका आणि घरट्याचं लोकेशन पुढेही पाठवू नका. तो थकून उतरलेला आहे का? मे-जूनमध्ये नवरंग शहरातल्या जिन्यात, पार्किंगमध्ये सापडतो, तेव्हा त्याला अंधार आणि शांतता लागते, प्रेक्षक नको. आणि तो पक्षी दिसला नाही तरी त्या जागी चार तास आनंदात जातील का? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती सहल बहुधा चिडचिडीतच संपते.

अधिवास पाहायला जायचं तर पुण्याइतकं सोयीचं शहर क्वचित सापडेल. बाल्कनीत कधीच दिसणार नाहीत असे तीन अधिवास दोन तासांच्या आत आहेत. पूर्वेला सासवड, जेजुरी, सुपे, मोरगावचे माळ. सुप्याचं मयुरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी राखलेलं आहे, पण तिथल्या आणि आसपासच्या माळांवर चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी भोवत्ये दिसतात. धाविक आणि टिटव्या उघड्या जमिनीवर मातीच्या रंगाची अंडी घालतात, म्हणून मार्चपासून पावसाळा संपेपर्यंत माळात गाडी घालू नका, पायवाट सोडू नका. पश्चिमेला सिंहगडाची दरी आणि मुळशी-ताम्हिणी: स्वर्गीय नर्तक, पावसाळ्यात शीळ कस्तूर.

पूर्वेलाच सोलापूर रस्त्यावर, साधारण 100 किलोमीटरवर भिगवण, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी (बॅकवॉटर). इथे लोकांचा अंदाज नेहमी चुकतो तो रोहितांबद्दल (फ्लेमिंगो). रोहितांना उथळ चिखल लागतो. पावसाळा चांगला झाला की धरण काठोकाठ भरतं, चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत फारसे दिसत नाहीत. डिसेंबरच्या सुट्टीत जाऊन ‘काहीच नव्हतं’ म्हणत परतणारे बहुतेक अशा वर्षी गेलेले असतात. निघण्याआधी कुंभारगाव किंवा डिकसळच्या नावाड्याला फोन करून पाणी किती उतरलंय ते विचारा. नावेत बसल्यावर थव्याच्या रोखाने जाऊ नका. तिरकस जा, इंजिन लांबच बंद करायला सांगा. सगळ्या माना एकदम वर झाल्या की तिथेच थांबायचं, त्यापुढे थवा उठतो.

पण भिगवणच्याही आधी कवडीपाटला जा, असं मी सुचवेन. शहरापासून जवळ, मुळा-मुठेच्या काठावर. पाणी घाण आहे, काठावर प्लॅस्टिकचा खच असतो, वासही येतो. तरी डिसेंबर-जानेवारीत तिथे चक्रवाक, तुतवार आणि धोबी अगदी जवळून पाहता येतात, आणि काही वर्षी पट्टकदंबही. सकाळी 7 ला पोचा, सूर्य पाठीशी येईल अशा काठावर उभे राहा आणि पहिला तास जागा बदलू नका. तिथले चार प्रकारचे धोबी वेगळे करायचे असतील तर पाठीचा रंग, भुवई आणि पोटाचा पिवळेपणा किती व कुठे, एवढ्याच तीन गोष्टी पाहा. बाल्कनीच्या पत्र्यावर येणारा करडा धोबी तोवर पाठ झालेला असेल, तर बाकीचे तीन अर्ध्या तासात सुटतात. आणि यादी करताना पुलावरचे पारवे आणि कावळे त्यातही लिहा.